उजव्या हाताची साक्ष

१

बुधवारी अकराच्या चहाला मास्तरांनी डाव्या हातावरची पट्टी सोडली आणि दुरुस्ती विभागातल्या तिघांनी एकदम कपबशा खाली ठेवल्या.

हाताच्या पाठीवर वाटाण्याएवढे फोड आले होते, पाण्याने तट्ट भरलेले. दोन फुटले होते आणि खालची कातडी भिजलेल्या टिपकागदासारखी दिसत होती. आठ दिवसांपूर्वी हात नुसता लाल होता, उन्हात भाजल्यासारखा. पण मास्तर उन्हात जात नसत. घर ते बस आणि बस ते ग्रंथालय एवढाच त्यांचा प्रवास, आणि तोही छत्रीखाली.

मास्तर म्हणजे ग्रंथालयाचे मुख्य बाइंडर. तीस वर्षं फाटकी पानं सांधत आलेले. त्यांच्या हाताखालून गेलेलं पुस्तक पुन्हा फाडायचं तर वाचकाला खरोखर मेहनत घ्यावी लागे.

कपबशा खाली ठेवणाऱ्या तिघांपैकी पहिल्या खळमावशी. विभागाला लागणारी खळ त्या बत्तीस वर्षं शिजवत होत्या. दुसऱ्या शिवणताई, पुस्तकांच्या घड्या दोऱ्याने शिवणाऱ्या. तिसरे साहेब, म्हणजे दोन महिन्यांपूर्वी आलेले अधीक्षक. साहेबांचा स्वभाव वाईट नव्हता. जगात जे काही घडतं त्याला कोणीतरी जबाबदार असतं आणि त्या कोणीतरीला पत्र गेलं पाहिजे, एवढीच त्यांची श्रद्धा होती.

"कातडीच्या डॉक्टरांनी काय लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

"कामातल्या एखाद्या पदार्थाचा स्पर्श असावा, असं."

"कामातला कुठला पदार्थ अलीकडे बदलला?"

सगळ्यांची नजर खळीच्या पातेल्याकडे गेली. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून मावशी दोन आठवड्यांपासून खळीत लवंगेचं तेल घालत होत्या. विभागभर त्याचा वास होता. मास्तरांजवळ गेलं की जरा जास्तच होता.

"चार थेंब घालते," मावशी म्हणाल्या. "चार थेंबांनी माणूस सोलून निघतो होय?"

तासाभरात पत्र टाइप होऊन आलं. शनिवारी दुपारी बारापासून मावशींची सेवा समाप्त. सोमवारपासून डब्यातली तयार खळ. पत्राखाली बाधित व्यक्तीची सही हवी होती.

मास्तरांनी मावशींकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. त्यांचा उजवा गाल एकाएकी ठणकला. मग त्यांनी सही केली, ठळक आणि एकसारखी. उजवा हात ठणठणीत होता.

या शेवटच्या गोष्टीचा अर्थ काय, हे त्या खोलीत कोणालाच कळलं नाही.

२

मास्तरांच्या घरी त्यांची बायको होती आणि सासूबाई होत्या. सासूबाईंनी चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला होता. स्टुडिओ बंद झाला तेव्हा त्या लेकीकडे राहायला आल्या, चार दिवसांसाठी. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. त्यांना जावई आवडत होता, पण हे त्यांनी त्याला अजून कळू दिलं नव्हतं.

संध्याकाळी चहाच्या वेळी मास्तर बिस्किट चहात बुडवत होते. इतकं बुडवत होते की ते निम्मं कपातच राहत होतं.

"जावईबापू, बिस्किट खाताय की विसर्जन करताय?"

"मऊ आवडतं मला."

"कधीपासून?"

मास्तरांनी विषय बदलायला म्हणून पत्राची हकिगत सांगितली. "मावशींनी मला पहिल्या दिवशी खळ लावायला शिकवलं होतं," ते म्हणाले. "आणि मी सही करून आलो."

त्यांच्या बायकोने बिस्किटांचा डबा उचलून फडताळात ठेवला. त्या घरात एवढी शिक्षा पुरत असे.

सासूबाई उठल्या. निगेटिव्ह तपासायचं त्यांचं जुनं भिंग घेऊन परत आल्या.

"हात."

मास्तरांनी डावा हात पुढे केला. सासूबाईंनी तो असा न्याहाळला, जणू कोणी खराब डेव्हलप करून आणलेला फोटो आहे. हाताची पाठ फोडांनी भरलेली. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखाली कातडी स्वच्छ. पहिल्या बोटाचं टोकही स्वच्छ. पेराशी सरळ रेघ मारल्यासारखं तिथे सगळं थांबलं होतं.

"या बोटात काय घालता?"

"चामड्याची टोपी. पट्टी धरून कागद कापताना सुरी लागू नये म्हणून."

"उलटा करा."

तळहात तर अगदी नवा कोरा होता.

"आता उजवा."

"उजव्याला काही झालेलं नाही, आई."

"म्हणूनच दाखवा."

त्यांनी उजवा हात दोन्ही बाजूंनी पाहिला, वासही घेतला. साबणाचा होता. मग त्यांनी भिंग मास्तरांच्या चेहऱ्याकडे वळवलं. डावा गाल आणि नाकाची डावी बाजू किंचित लाल होती. एवढ्या जवळून लवंगेचा वासही आला.

"औषध काय घेता हल्ली?"

"काही नाही," मास्तर म्हणाले.

"ते औषध घेणारे असते तर आणखी काय हवं होतं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "गेल्या वर्षी दाढेसाठी नंबर लावला होता मी. हे बसमधून आधीच्याच स्टॉपवर उतरून पळाले."

सासूबाईंनी भिंग पुसून खिशात ठेवलं.

"उद्या घरी बसा. तुमचा चष्मा ग्रंथालयात राहिलाय. तो आणायला मी जाते."

"चष्मा माझ्या डोळ्यांवर आहे, आई."

"काढून ठेवा."

३

दुरुस्ती विभाग एका लांब खोलीत होता. डाव्या हाताला तीन उंच खिडक्या, काचा बंद, आणि भरपूर प्रकाश. पहिल्या खिडकीशी मास्तरांचं टेबल, त्याला लागून शिवणताईंचं. कोपऱ्यात खळीची शेगडी आणि मावशी.

सासूबाईंनी आधी मावशींना गाठलं.

"दाखवा तुमचे हात."

मावशींनी पदर खोचला आणि दोन्ही हात पुढे केले. ते कोपरापर्यंत खळीने माखलेले होते. "गुठळ्या फोडायला मला चमचा चालत नाही. हातच लागतो. दोन आठवडे याच खळीत हात आहेत माझे. मला काही व्हायला नको?"

"साहेबांना सांगितलंत हे?"

"सांगितलं. म्हणाले, तुम्हाला सवय झाली असेल." मावशींनी हात पुसले. "बाई, मी दुसरीकडे कुठे जाऊ? खळ शिजवणारी पाहिजे, अशी जाहिरात कधी वाचलीत तुम्ही?"

सासूबाईंनी वाचली नव्हती. त्या मास्तरांच्या टेबलाकडे वळल्या. टेबलावर एक जाड पुठ्ठा उभा केलेला होता, दोन लाकडी ठोकळ्यांच्या आधाराने.

"ही भिंत कसली?"

"मास्तरांची पद्धत आहे," शिवणताई म्हणाल्या. "उन्हाने खळ वाळते ना. म्हणून वाटी पुठ्ठ्याआड ठेवतात आणि ब्रशही तिथूनच चालवतात. डाव्या हाताने पान दाबून धरायचं, उजव्याने सावलीतून खळ लावायची. माझ्याकडे खळीचं काम नाही, मला पुठ्ठ्याची गरज नाही."

शिवणताई पस्तिशीच्या, सुईसारख्या सरळ. मास्तर रजेवर गेले की मुख्य टेबल त्यांच्याकडे येई, हे सासूबाईंना ठाऊक होतं. ते आपल्याला ठाऊक आहे हे त्यांनी लपवलंही नाही.

"मास्तरांची खुर्ची बरी आहे का बसायला?"

"डगमगते," शिवणताई शांतपणे म्हणाल्या. "मला नको आहे, आजी. तिच्या कुठल्या पायाखाली कागदाची घडी सरकवायची हे फक्त त्यांनाच जमतं. आमच्याकडे काही फेकत नाहीत, बघा." त्यांनी भिंतीवरचं छोट्या खणांचं कपाट अभिमानाने उघडून दाखवलं. चामड्याचे, कापडाचे, कागदाचे कपटे, सगळे रंगाप्रमाणे लावलेले. तपकिरी, तांबूस, पिवळा, चंदेरी. "जुन्या पुस्तकाला ठिगळ लावायचं तर रंग जुळला पाहिजे. बाकी काही विचारायचं नाही. आणि हा खालचा खण औषधांचा. कोणाच्या उरलेल्या गोळ्या असतील त्या इथे."

"त्याही रंगाप्रमाणे?"

"मग कशा लावणार? पांढऱ्या डोक्याच्या, गुलाबी पोटाच्या, पिवळ्या दाताच्या. आपणच केलेल्या पाकिटांत."

पाकिटं खरोखर सुबक होती.

तेवढ्यात साहेब आले. "आजीबाई, बाहेरच्या व्यक्तींना या विभागात..."

"मी तुमची आजी असते तर या खिडक्यांना पडदे असते. कुठे आहेत पडदे?"

"कार्यालय उजळ दिसलं पाहिजे म्हणून काढून धुवायला पाठवले. तीन आठवडे झाले."

"परत कधी येणार?"

"पत्र पाठवलंय," साहेब म्हणाले.

सासूबाईंनी चष्म्याशिवायच घरी परतताना शिवणताईंना एकच गोष्ट विचारली. उन्हाचा पट्टा मास्तरांच्या टेबलावर किती वाजता येतो?

"अकराला. एकपर्यंत असतो."

"उद्या अकराला मी येते. तुमच्या साहेबांना सांगा, हरवलेला चष्मा अजून सापडलेला नाही."

४

शुक्रवारी सकाळी सासूबाई न्हाणीघरात शिरल्या आणि दाराच्या फटीला टॉवेल लावून बसल्या. लेकीने दार वाजवलं.

"आई, बरं आहे ना?"

"कागद कापतेय. उजेड आत सोडू नकोस."

स्टुडिओ बंद करताना त्यांनी फोटोच्या कागदाचं एक काळं पाकीट जपून ठेवलं होतं. हा कागद उजेडात ठेवला की आपोआप काळवंडतो, फोटो धुवायच्या औषधाच्या पाण्यात घालावाही लागत नाही. जेवढा उजेड, तेवढा काळा. त्यांनी अंधारात चाचपडत त्याचे तीन पंजे कापले. तिसऱ्याचा अंगठा जरा जाड झाला, पण त्याला इलाज नव्हता.

अकराला त्या विभागात होत्या. पहिला पंजा मास्तरांच्या टेबलावर, डावा हात असायचा तिथे. त्याच्या पहिल्या बोटावर चामड्याची टोपी चढवली आणि मनगटावर घड्याळाचा पट्टा आडवा ठेवला. दुसरा पंजा पुठ्ठ्याआड, खळीच्या वाटीशेजारी. तिसरा शिवणताईंच्या टेबलावर.

"काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"फोटो काढतेय."

"कॅमेरा कुठे आहे?"

"तुम्ही उभे आहात त्याच्या आत," सासूबाई म्हणाल्या. "अंधारी खोली, एक खिडकी आणि समोर कागद. फक्त पडदा कधी उघडायचा आणि कधी मिटायचा, एवढं कळणारा माणूस लागतो."

साहेब घड्याळाकडे पाहत उभे राहिले. मावशी शेगडी बारीक करून आल्या. एक वाजता सासूबाईंनी टोपी आणि पट्टा उचलला.

पहिला पंजा गडद तपकिरी झाला होता, मनगटावरचा पट्टा पांढरा सोडून. पहिल्या बोटाचं टोकही पांढरं, पेराशी सरळ रेघ मारल्यासारखं. दुसरा, पुठ्ठ्याआडचा, जेमतेम मळकट झाला होता.

मावशींनी तोंडावर हात ठेवला. "हा तर मास्तरांचाच हात."

"खळीत बुडतो तो उजवा हात, आणि तोच धडधाकट आहे," सासूबाई म्हणाल्या. "ज्या डाव्याला खळ शिवत नाही, तो सोलून निघालाय. आणि डाव्याचाही पानावर टेकणारा तळवा नाही, वरची बाजू. खळीने भाजलं असतं तर सगळं उलट दिसलं असतं. ही खळीची खूण नाही साहेब. ही उन्हाची आहे."

साहेबांनी तिन्ही पंजे नीट पाहिले. मग तिसरा उचलला. तो पहिल्याइतकाच गडद होता.

"आणि हा?"

"शिवणताईंच्या टेबलावरचा."

"म्हणजे त्यांच्या हातावरही तेवढंच ऊन पडतं." साहेबांच्या चेहऱ्यावर एक नम्र समाधान पसरलं. "ताई, हात दाखवा."

शिवणताईंनी हात पुढे केले. त्यांच्यावर सुईच्या टोचण्याही नव्हत्या.

"तेच ऊन, तीच काच, तेवढेच तास. एकाला फोड, दुसरीला काही नाही," साहेब म्हणाले. "शिवाय मास्तरांच्या अंगाला लवंगेचा वास येतो, हे मी पत्रात नमूद केलेलं आहे. क्षमा करा. उद्या बारा."

सासूबाईंना चाळीस वर्षांत प्रथमच एका गिऱ्हाइकाचं म्हणणं पटलं.

५

त्या घरी आल्या तेव्हा मास्तर दोन दिवसांच्या रजेने कंटाळून आरामखुर्चीत पेंगत होते. सासूबाई त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या. बराच वेळ बसल्या. लेक चहा घेऊन आली आणि थबकली.

"काय गं आई, असं काय बघतेस त्यांच्याकडे?"

"फिल्म," सासूबाई म्हणाल्या. "बाई, मी इतकी वर्षं काय केलं? नुसत्या उजेडाने कधी फोटो निघतो का? उजेड भिंतीवरही पडतोच की. भिंतीवर कधी कोणाचा चेहरा उमटला नाही. उजेडाने बदलणारं काहीतरी आधी लावलेलं असावं लागतं."

"कशाला लावलेलं?"

सासूबाई पुढे वाकल्या आणि झोपलेल्या जावयाच्या तोंडाजवळ नाक नेलं. मास्तर दचकून जागे झाले. हे दृश्य लेकीने पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगितलं.

"जावईबापू, दोन दिवस तुम्ही खळीच्या पातेल्याजवळही गेला नाहीत. मग लवंगेचा वास येतो कुठून?"

मास्तरांनी आपल्याच हाताचा वास घेतला.

"हाताला येत नाही, तोंडाला येतो. बिस्किट बुडवून खाता. परवापासून चावताय ते फक्त डावीकडे. कुठली दाढ?"

"उजवी," मास्तर अगदी बारीक आवाजात म्हणाले. "खालची. लवंग धरतो तिथे."

स्वयंपाकघराच्या दारात बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

"नुसती लवंग?" सासूबाईंनी विचारलं.

मास्तरांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. दोघींत कमी धोका कुठे आहे याचा त्यांनी अंदाज घेतला.

"खणातल्या गोळ्या," ते म्हणाले. "पिवळ्या. दाताच्या. दोन आठवडे, रोज दोन. औषध घेतो म्हटलं असतं तर हिने दाढेच्या डॉक्टरकडे नेलं असतं. म्हणून कातडीच्या डॉक्टरांनाही नाही म्हणालो."

"आणि त्या पिवळ्या गोळ्या कशाच्या आहेत?"

"दाताच्या. पाकिटावर लिहिलंय."

"गोळ्यांवर काय लिहिलंय?"

रंग जुळला होता. पुढचं मास्तरांनी विचारलंच नव्हतं.

६

शनिवारी सव्वाअकराला मास्तर, त्यांची बायको आणि सासूबाई विभागात आले. पत्र टेबलावर होतं. मावशींनी आपलं पातेलं घासून पालथं घातलं होतं आणि झारा कापडात गुंडाळून पिशवीत ठेवला होता. साहेब उभे होते. बारा वाजायला वेळ होता, म्हणून ते अजून दुःखी दिसत नव्हते.

सासूबाईंनी पिवळं पाकीट उघडून टेबलावर उपडं केलं. गोळ्या सगळ्या पिवळ्या होत्या. पण भिंगाखाली त्यांतल्या काही जरा फिक्या आणि जाड निघाल्या.

"ह्या दोन जातींच्या आहेत. दुसरी जात कोणाची?"

शिवणताईंची मान खाली गेली. "माझी. महिन्यापूर्वी चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या होत्या. डॉक्टरांनी दिल्या. मला पोटाला सोसेनात, म्हणून उरलेल्या खणात टाकल्या. पिवळ्या होत्या, पिवळ्यांत गेल्या." त्या थांबल्या. "डॉक्टर म्हणाले होते, या चालू असताना उन्हात फिरू नका. पण मी तर दोनच घेतल्या. आणि मास्तर त्यातल्या घेतात हे मला..."

"नाव काय गोळ्यांचं?"

"आठवत नाही. ते वेष्टनावर होतं. गोळ्या काढून घेतल्या. वेष्टनासकट पाकिटात मावत नव्हत्या."

"झालं तर," साहेब म्हणाले. "पुरावा कचऱ्यात गेला."

मावशी, मास्तर आणि शिवणताई या तिघांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. ते इथे खरोखरच नवीन होते.

"साहेब," मास्तर म्हणाले, "इथे काही फेकत नाहीत."

शिवणताईंनी चंदेरी खण बाहेर काढला. त्यात चॉकलेटचे कागद होते, चहाच्या पुड्यांची अस्तरं होती आणि गोळ्यांच्या वेष्टनाचा वर्ख होता. पण नक्षीसाठी शिवणताईंनी त्याच्या बोटभर चिरफळ्या केल्या होत्या. प्रत्येक चिरफळीवर एखाददुसरं अक्षर, तेही तुटलेलं.

घड्याळात अकरा पस्तीस झाले होते.

मास्तरांनी खुर्ची ओढली. पडदे नव्हते म्हणून त्यांच्या बायकोने छत्री उघडून त्यांच्या डाव्या बाजूला धरली. त्यांनी चिरफळ्या पसरल्या आणि नुसत्या उजव्या हाताने जुळवायला घेतल्या. कागदाची कड कुठल्या कडेला बसते हे त्यांच्या बोटांना डोळ्यांआधी कळे.

"खळ लागेल," ते वर न बघता म्हणाले.

मावशींनी पिशवीतून एक वाटी काढली. जायच्या दिवशीसुद्धा त्यांनी सकाळी थोडी शिजवली होती. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी वाटी पुठ्ठ्याआड, नेहमीच्या जागी ठेवली.

"मावशी," मास्तर म्हणाले, "मी सही करायला नको होती."

"आधी जुळवा," मावशी म्हणाल्या. "मग रडा."

अकरा शेचाळीसला वर्खावर पूर्ण शब्द उभा राहिला: डॉक्सिसायक्लिन. साहेबांनी स्वतः कातडीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. त्यांनी एक लांब श्वास सोडला, तोही सगळ्यांना ऐकू आला.

"औषध घेता का, हे मी त्यांना दोनदा विचारलं होतं," ते म्हणाले. "हे औषध पोटात असलं की काहींची कातडी उन्हाला फार हळवी होते. भाजल्यासारखं होतं, फोड येतात, जिथे ऊन पडेल तिथेच. काही वेदनाशामक गोळ्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही असं होतं."

"पण ते खिडकीच्या आत बसतात," साहेब म्हणाले.

"काचेतून प्रकाश येतो ना? त्यातला हा जो भाग कातडीला भोवतो तो बराचसा काचेतून आत येतोच. आजपासून गोळ्या बंद. हात झाकून ठेवा आणि सोमवारी मला दाखवा. कातडी नवी येईल. काळजीचं कारण नाही. आणि ती दाढ."

"दाढेचं मी बघते," बायको म्हणाली.

सासूबाईंनी तो तपकिरी पंजा फोनशेजारी ठेवला. "गोळीने यांना फिल्म केलं. पडदे काढल्यावर उजेड आला. शिवणताईंवर उजेड होता, पण फिल्म नव्हती. जावईबापू घरी असते तर फिल्म होती, पण उजेड नव्हता. दोन्ही एकत्र आले ते याच टेबलावर. खळ बिचारी त्या वेळी पुठ्ठ्याआड सावलीत बसली होती."

साहेबांनी बराच विचार केला. जबाबदार कोण, हे त्यांना ठरवायचं होतं. रंग जुळला म्हणून गोळ्या मिसळणाऱ्या शिवणताई, दाढ लपवणारे मास्तर, की पडदे काढणारे... इथे ते थांबले. त्या शेवटच्या माणसाला पत्र कोण पाठवणार, हा प्रश्न नियमात बसत नव्हता.

अकरा अठ्ठावन्नला त्यांनी टेबलावरचं पत्र उचललं, दोनदा घडी घातली आणि फाडलं. बारीक बारीक फाडलं. एकदा हातात घेतलेलं काम ते अर्धवट सोडत नसत.

"मावशी, सोमवारी खळ लागेल," ते म्हणाले. "लवंग... तुम्हाला योग्य वाटेल तेवढी." मग जरा थांबून, "पडदे मी स्वतः घेऊन येतो. पत्राने काही होत नाही."

मावशींनी पातेलं सुलटं केलं.

७

मास्तरांच्या हातावर तीन आठवड्यांत नवी कातडी आली, गुलाबी आणि जराशी लाजरी. दाढ त्याआधीच गेली होती. सासूबाई स्वतः दवाखान्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, बसमधल्यासारखं कोणी निसटू नये म्हणून. औषधांचा खण शिवणताईंनी रिकामा केला. सगळ्या गोळ्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे नष्ट करायला दिल्या. इतक्या सुबक पाकिटांत आलेला कचरा त्याने यापूर्वी पाहिला नव्हता.

कागदाचा पंजा मात्र टिकला नाही. औषधाच्या पाण्यात न घातलेला कागद उजेडात काळा पडत जातो. महिनाभरात टोपीचं पांढरं टोकही काळं झालं. सासूबाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. "काम झालं की साक्षीदाराने घरी जावं," असं त्या म्हणाल्या. मग जावयासमोर कडक बिस्किटांची बशी सरकवली.

राहिले पत्राचे तुकडे. ते जमिनीवर पडले होते आणि त्या विभागात काही फेकत नाहीत. शिवणताईंनी ते गोळा करून पांढऱ्या खणात ठेवले. पुढच्या महिन्यात एक जाडजूड ग्रंथ पाठ उसवून आला. पाठीला आतून कागदाचं अस्तर लागतं. मावशींनी ताजी खळ आणली. मास्तरांनी डाव्या हाताने ग्रंथ दाबून धरला, पडदा ओढलेला होता. त्यांच्या सहीचा तुकडा आधी निघाला. त्यांनी तो उलटा ठेवला.

"सुलटा लावा," मावशी म्हणाल्या. "सही चांगली आलीय."

लवंगेची खळ लावलेलं ते पत्र अजून त्या ग्रंथाच्या पाठीत आहे. फार पक्कं बसलंय. त्याला कसरही लागलेली नाही.